फोटो काढण्याआधी: उभं कुठं राहायचं?

फोटोग्राफीवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कॅमेरा कुठला घेऊ?" त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. जो खिशात आहे तो. शिकायला मोबाईलचा कॅमेरा भरपूर झाला. आपले फोटो फसतात ते बहुतेक वेळा आपण चुकीच्या जागी उभे असतो म्हणून. तेव्हा आज एकच गोष्ट बघू: उभं कुठं राहायचं. उदाहरणं आपल्या सातारा-सांगलीचीच घेतो, म्हणजे तुम्हाला जाऊन करून बघता येईल.

सुरुवात कासपासून. साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर. सप्टेंबरात सगळे जातात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. का? कारण सगळे उभ्यानं, पाच फुटांवरून खाली बघत काढतात. वरून बघितलं की फूल हिरव्या गवतात हरवून जातं. 'सीतेची आसवं' हे जांभळट-निळं फूल एवढंसं, बोटाच्या पेराएवढंही नाही. त्याला बघायचं तर त्याच्या उंचीवर यायला हवं. वाटेच्या कडेला उकिडवे बसा. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ येते. आता फुलामागं गवताऐवजी आभाळ किंवा धुकं येईल आणि फूल सुटं दिसेल. ऊन असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी ठेवू नका. तो फुलाच्या मागं, जरा तिरका राहू द्या. पाकळीतून उजेड आरपार येतो. धुकं असेल तर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो. अशा वेळी स्क्रीनवर फुलावर बोट टेकवायचं आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवायची. बस्स.

पण हे सगळं वाटेवर राहूनच. खाली जांभ्याचा कातळ आहे आणि त्यावर मातीचा थर अगदी पातळ. इथली बरीच फुलझाडं एका पावसाळ्याची असतात. उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि संपतात. बी धरायच्या आत ते रोप पायाखाली गेलं, तर तिथलं पुढच्या वर्षीचं फूलही गेलं. कासचा २०१२ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तो पश्चिम घाटाचा भाग म्हणून. पण आपला एक चुकीचा पाय टाळणं हे काम यादी करत नाही, ते आपणच करायचं. वाटेवरून फूल लांब पडत असेल तर दुप्पट झूम वापरा. तरीही जमलं नाही, तर तो फोटो आपला नव्हता असं समजायचं.

दुसरी जागा साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारामोटेची विहीर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, अष्टकोनी, दगडी. इथं जागेबरोबर वेळही बघावी लागते. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढावेत हा नियम तुम्ही ऐकला असेल. नियम चांगला आहे, पण मैदानासाठी. खोल विहिरीत त्या वेळी ऊन उतरतच नाही. इथं दुपारीच जा, सूर्य डोक्यावर असताना. उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली सरकताना दिसेल, त्याची वाट बघा. आभाळ चौकटीत घेतलंत तर ते पांढरंफटक येईल आणि दगड काळा पडेल, म्हणून आभाळ बाहेर ठेवा. पायऱ्यांवर एक माणूस उभा केला की विहिरीचा आकार बघणाऱ्याला कळतो. मात्र काठावर कुणाला चढवू नका.

आता सांगली जिल्ह्यात येऊ. मिरजेत सतारी बनतात हे तुम्हाला माहीत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा कारखान्यात गेलात तर फ्लॅश लावू नका. आधी विचारा, मग दहा मिनिटं नुसते बसा. कारागिरांना तुमचा विसर पडू द्या. मग खिडकी शोधा. उजेड कारागिराच्या एका बाजूनं येईल असे उभे राहा. भोपळ्याची गोलाई, लाकडावरची नक्षी, हातावरच्या शिरा, सगळं त्या आडव्या उजेडात उठून दिसतं. ट्यूबलाइट चालू असेल आणि त्यांना अडचण नसेल, तर ती बंद करायची विनंती करा, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की चेहरा आजारी दिसतो. आणि चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. मोबाईलची साधी लेन्स जवळून नाक मोठं करते. दोन पावलं मागं या आणि दुप्पट झूम घ्या.

शेवटची जागा कृष्णाकाठ. सांगलीच्या घाटावर संध्याकाळी उभे राहिलात की सूर्य नदीपलीकडं, सांगलीवाडीच्या बाजूला जातो. आभाळावर बोट टेकवून उजेड कमी केला की आयर्विन पूल आणि माणसं काळ्या आकृत्यांसारखी येतात. सोपा आणि सुंदर फोटो.

पण याच पुलावर पुराची पातळी मोजतात. धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मीही कॅमेरा घेऊन फिरत होतो. एका घराच्या दारातून मी आतला चिखल टिपत होतो. आत एक आजी भिजलेला अल्बम उलगडत होत्या. फोटो एकमेकांना चिकटलेले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या की तिथं काय उभा राहिलास बाबा, आत ये, हे जरा धर. मी कॅमेरा पाठीवर टाकला. आम्ही ते फोटो स्वच्छ पाण्यात हळूहळू सोडवले आणि सावलीत पसरले. काही वाचले, बरेच गेले. वाचलेल्यांत एक होता, अंगणात कुणीतरी पापड वाळत घालतंय. फ्रेम वाकडी, डोकं कापलेलं. त्या आजींनी तोच सगळ्यात आधी पुसून ठेवला.

त्या दिवशी दारातून काढलेला फोटो मी कधी कुणाला दाखवला नाही. उजेड चांगला होता, चौकट चांगली होती. उभं राहायची जागा चुकली होती.

तर गृहपाठ देतो. रोज दिसणारी एकच गोष्ट निवडा. घरचा कट्टा असेल, कोपऱ्यावरचा चहावाला असेल, पण त्याला विचारून. तिचे दहा फोटो दहा जागांवरून काढा. बसून, मागून, लांबून, सकाळी, दिवेलागणीला. रात्री त्यातला एक ठेवा आणि तोच का ठेवला ते एका ओळीत लिहा. आणि घरातल्या जुन्या अल्बमचेही फोटो काढून दुसरीकडं जपून ठेवा. पावसाळा दरवर्षी येतो.