सणाची रात्र आणि पंक-प्रयोग : ‘मिसफिट्स’च्या हॅलोवीन-काळातील सादरीकरणांचा विचार

१. विषयाची मांडणी

सण आणि वाङ्मय यांच्या परस्परसंबंधाचा विचार तौलनिक साहित्याभ्यासात बहुधा विधिनाट्य, लोकनाट्य आणि मौखिक परंपरा यांच्या अंगाने होत आला आहे. औद्योगिक नगरांच्या उपनगरी वस्त्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे नवे प्रयोगप्रकार उदयाला आले, त्यांचाही एखाद्या सणाशी असा जैव संबंध असू शकतो, ही शक्यता मात्र तुलनेने कमी तपासली गेली आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘मिसफिट्स’ या पंक बँडने १९७९ ते १९८३ या काळात हॅलोवीनच्या आगेमागे केलेल्या प्रयोगांचा विचार केला आहे. हा बँड निवडण्याचे कारण असे की, त्याचे सोंग वर्षभराचे होते. भुताखेतांचा वेश, हाडांच्या सापळ्याची चित्रे आणि भयपटांतील कथानके ही त्याची नित्याची सामग्री होती. साहजिकच असा प्रश्न उद्भवतो की, ज्या रात्री सारे गावच सोंग घेते, त्या रात्री कायमच्या सोंगाड्याचे काय होते? या प्रश्नाच्या उत्तरावर प्रयोगसंहितेच्या वाचनाची पद्धत बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

२. सणाचे बदललेले रूप

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला येतो. ख्रिस्ती पंचांगातील १ नोव्हेंबरच्या सर्वसंतदिनाची ही पूर्वसंध्या होय. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील ‘सॅविन’ या हिवाळ्याच्या आरंभीच्या गेलिक सणाशी तिचा संबंध जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर या चालीरीती उत्तर अमेरिकेत पोहोचल्या. मुलांनी वेश घालून दारोदार मिठाई मागण्याची प्रथा तेथे १९३० नंतर पसरली. दुसऱ्या महायुद्धातील साखरेच्या टंचाईने ती काही काळ मंदावली, आणि युद्धोत्तर उपनगरांत मात्र सार्वत्रिक झाली.

या सणाला १९७० नंतर भीतीची आणखी एक छटा चिकटली. अनोळखी माणसे मिठाईत विष किंवा सफरचंदात दाढीचे पाते दडवतात, अशा वार्ता दरवर्षी पसरू लागल्या. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९८५ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वार्ता बव्हंशी निराधार असल्याचे दाखवून दिले. तथापि आख्यायिकेचे सामर्थ्य तिच्या सत्यतेवर अवलंबून नसते. मुलांचा निरागस सण आणि शेजाऱ्याविषयीचा संशय यांचे हे मिश्रण ज्या पिढीने बालपणी अनुभवले, तीच पिढी पुढे पंक संगीताच्या सभागृहांत उभी राहिली. मिसफिट्सच्या हॅलोवीनविषयक गीतात भोपळ्याचे कोरलेले चेहरे आणि मिठाईतील पाते एकत्र येतात, यामागे ही सामाजिक पार्श्वभूमी आहे.

३. सोंगाची सामग्री

ग्लेन डॅन्झिग याने १९७७ मध्ये न्यू जर्सीतील लोडाय या गावी मिसफिट्सची स्थापना केली. न्यू यॉर्क महानगराच्या छायेतील हे एक लहानसे कष्टकरी गाव. बँडचे नाव १९६१ च्या एका चित्रपटावरून घेतलेले, मुद्रा म्हणून वापरलेली कवटी ‘द क्रिमसन घोस्ट’ या १९४६ च्या चित्रपटमालिकेतली, आणि स्वतःच्या ध्वनिमुद्रण संस्थेचे ‘प्लॅन नाइन’ हे नाव एड वुड याच्या चित्रपटावरून उचललेले. थोडक्यात, या सोंगाचा कोणताही घटक मूळचा नव्हता. दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा दाखवल्या जाणाऱ्या स्वस्त भयपटांचा हा संचित ठेवा होता.

डिक हेब्डिज यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात उपसंस्कृतीच्या वेशभूषेचे जे विवेचन केले आहे, ते येथे उपयुक्त ठरते. प्रस्थापित संस्कृतीने टाकून दिलेल्या वस्तू उचलून त्यांना नवा अर्थ देणे, हे पंक शैलीचे वैशिष्ट्य त्यांनी सांगितले. मिसफिट्सने वस्तूंबरोबरच कथानकेही उचलली. म्हणून या बँडची गीते आंतरसंहितात्मक वाचनाला विशेष अनुकूल आहेत. चित्रपट ठाऊक असलेला श्रोता आणि तो ठाऊक नसलेला श्रोता यांना एकच गीत भिन्न रीतीने भिडते.

या परंपरेला पूर्वसूरीही आहेत. स्क्रीमिन’ जे हॉकिन्स हा कृष्णवर्णीय गायक १९५० नंतरच्या दशकातच शवपेटीतून रंगमंचावर अवतरत असे. इंग्लंडमधील ‘द डॅम्ड’ या पंक बँडचा गायक डेव्ह व्हॅनियन रक्तपिशाच्चाच्या वेशात गात असे. मिसफिट्सचे वेगळेपण असे की, त्यांनी या सामग्रीला पंचांगातील एका तिथीशी जाणीवपूर्वक बांधले.

४. तिथी आणि प्रकाशन

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ ही सात इंची तबकडी ३१ ऑक्टोबर १९७९ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच रात्री न्यू यॉर्कमधील अर्व्हिंग प्लाझा येथे बँडचा प्रयोग होता. दोन वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९८१ रोजी, ‘हॅलोवीन’ ही तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला उपनगरातील सणाचे इंग्रजी वर्णन आहे, तर दुसऱ्या बाजूचे शब्द लॅटिनमध्ये आहेत. एकाच वस्तूच्या दोन बाजूंवर बोलभाषा आणि मंत्रभाषा यांची अशी विभागणी करणे, हा बँडच्या वाङ्मयीन जाणिवेचा पुरावा मानता येईल.

सणाच्या तिथीला प्रकाशन बांधण्याची ही प्रथा मराठी वाचकाला अपरिचित नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाङ्मयव्यवहाराचा मोठा हिस्सा एका सणाभोवती फिरत आला आहे. दोहोंत साम्य आहे ते वाचनाच्या वेळेच्या निश्चितीत. संहिता कोणत्या दिवशी हाती येणार, हे ठाऊक असल्यामुळे ती त्या दिवसाच्या अर्थासह वाचली जाते. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. दिवाळी अंक घरात, सवडीने वाचण्यासाठी असतो. मिसफिट्सची तबकडी मात्र प्रयोगाच्या गर्दीत, सणाच्या रात्रीच्या कोलाहलाशी जोडलेली होती. बँडचा सारा व्यवहार घरगुती होता. तबकड्यांची विक्री आणि ‘फीन्ड क्लब’ हे चाहत्यांचे मंडळ डॅन्झिग आपल्या आईच्या घराच्या तळघरातून चालवीत असे. ज्यांच्यामागे मोठी वितरणव्यवस्था नाही, त्यांना सण ही एक आयती जाहिरात असते. त्या रात्री श्रोते घराबाहेर पडणार आणि वेशात असणार, याची हमी पंचांगच देते.

५. प्रेक्षक सोंग घेतो तेव्हा

रंगमंचावरील वेश आणि प्रेक्षागारातील साधे कपडे यांच्या विरोधातून एरवी नटाचे नटपण सिद्ध होते. हॅलोवीनला हा विरोध मावळतो. प्रेक्षकही सापळा, चेटकीण किंवा प्रेत होऊन आलेला असतो. मिखाईल बाख्तीन यांनी राबलेविषयीच्या आपल्या ग्रंथात कार्निव्हलचे जे लक्षण सांगितले, त्यात नट आणि प्रेक्षक यांच्यातील सीमारेषेचा अभाव हा मुख्य मुद्दा आहे. पंक सभागृहात ही सीमारेषा एरवीही क्षीण असते. मंच बुटका असतो, श्रोते त्यावर चढतात, उड्या घेतात, ध्वनिक्षेपक हिसकावतात. म्हणून हॅलोवीनच्या रात्री पंक प्रयोग कार्निव्हलच्या अधिक जवळ जातो, असे म्हणावयास जागा आहे.

परंतु येथे एक पेच निर्माण होतो. सर्वच सोंगाडे झाले, तर बँडच्या सोंगाला वेगळा अर्थ उरत नाही. इतर ३६४ दिवस जो वेश उपनगरी सभ्यतेला दिलेले आव्हान असतो, तो त्या एका दिवशी सभ्यतेचाच मान्य पोशाख ठरतो. मिसफिट्सचे सोंग सर्वांत सुसंगत दिसते ते याच रात्री, आणि सर्वांत निरुपद्रवी ठरते तेही याच रात्री. टेरी ईगल्टन यांनी १९८१ मध्ये बाख्तीनच्या मांडणीवर घेतलेला आक्षेप येथे आठवतो : कार्निव्हल हा सत्तेने परवानगी दिलेला व्यवहार असतो, तिच्या वर्चस्वाला दिलेली ती एक नियंत्रित सूट असते.

हा आक्षेप पंक संगीताने स्वतःहूनही मांडला होता. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘डेड केनेडीज’ या बँडचे ‘हॅलोवीन’ हे गीत १९८२ चे. वर्षातून एकदा वेश घालून मोकळे होणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा नोकरीचा मुखवटा का चढवतो, असा त्याचा आशय आहे. या बँडचा गायक जेलो बियाफ्रा १९७९ मध्ये शहराच्या महापौरपदाची निवडणूक लढला होता, आणि व्यावसायिकांना शहराच्या हद्दीत विदूषकाचा पोशाख सक्तीचा करावा, असे एक कलम त्याच्या जाहीरनाम्यात होते. मिसफिट्सने सणाला वर्षभर ताणले. डेड केनेडीजने सणाच्या मर्यादेवरच बोट ठेवले. एकाच पेचाला दिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

६. परवानगीच्या सीमा

सणाने दिलेली सूट नेमकी कोठे संपते, हे काही प्रसंगांतून स्पष्ट होते. मिसफिट्सची ‘हॅलोवीन’ तबकडी ज्या दिवशी निघाली, त्याच ३१ ऑक्टोबर १९८१ च्या रात्री लॉस एंजेलिसचा ‘फिअर’ हा पंक बँड ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकला. अभिनेता जॉन बेलुशी याच्या आग्रहामुळे ही संधी मिळाली होती. भागाचा सूत्रधार होता ‘हॅलोवीन’ चित्रपटातील नट डोनाल्ड प्लेझन्स. वॉशिंग्टनहून आलेल्या तरुणांनी मंचासमोर धक्काबुक्कीचे नृत्य सुरू केले, आणि बँडचे वादन चालू असतानाच प्रक्षेपण तोडण्यात आले. भयपटातील नटाचे भय प्रसारणयोग्य होते. श्रोत्यांच्या देहांची खरीखुरी टक्कर तशी नव्हती.

दुसरा प्रसंग १७ ऑक्टोबर १९८२ चा. न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगानंतर मिसफिट्सची मंडळी मेरी लव्हो या वूडू परंपरेतील प्रसिद्ध स्त्रीची कबर शोधण्यासाठी स्मशानभूमीत गेली आणि कबरी उकरण्याच्या आरोपावरून पकडली गेली. गीतात जे रूपक होते, ते स्मशानात दंडनीय कृत्याच्या कक्षेत आले. सोंगाने रंगमंचाचा उंबरठा ओलांडला की त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार श्रोत्यांकडून पोलिसांकडे जातो.

तिसरा प्रसंग बँडच्या अखेरचा. १९८३ मध्ये हॅलोवीन सोमवारी आला होता. त्याआधीच्या शनिवारी, २९ ऑक्टोबरला, डेट्रॉइटमधील ग्रेस्टोन हॉल येथे मिसफिट्सचा प्रयोग झाला. ड्रमवादक इतका प्यालेला होता की त्याला मंचावरून हटवून ‘नेक्रॉस’ या सोबतच्या बँडच्या वादकाला बसवावे लागले. त्याच रात्री डॅन्झिगने मंचावरून बँडच्या समाप्तीची घोषणा केली. डेट्रॉइटमध्ये ३० ऑक्टोबरची रात्र ‘सैतानाची रात्र’ म्हणून ओळखली जात असे. मुलांच्या खोड्यांची ही रात्र त्या दशकात जाळपोळीची रात्र झाली होती; १९८४ मध्ये तीन दिवसांत तेथे ८०० हून अधिक आगी लागल्या. ओस पडत चाललेल्या त्या शहरात खोटे भय आणि खरे भय यांच्यात फारसे अंतर उरले नव्हते. मिसफिट्सच्या अखेरच्या प्रयोगाचे वाचन करताना ही पार्श्वभूमी वगळली, तर हाती केवळ एका बँडचे भांडण उरते.

७. उत्तरायुष्य

डॅन्झिगने पुढे स्थापन केलेल्या बँडचे नाव ‘सॅमहेन’, म्हणजे त्या प्राचीन सणाच्याच नावाचे इंग्रजी वळणाने केलेले उच्चारण. मिसफिट्स हे नाव १९९५ मधील कायदेशीर तडजोडीनंतर जेरी ओन्ली या बासवादकाने पुन्हा वापरात आणले. मुद्राचित्रांच्या विक्रीवरून २०१४ मध्ये दोघांत नवा दावा उभा राहिला. तो फेटाळला गेला. २०१६ मध्ये मात्र दोघे एका मंचावर आले. १९४६ च्या चित्रपटमालिकेतून उचललेल्या कवटीच्या मालकीसाठी न्यायालयात जावे लागणे, हा हेब्डिज यांनी वर्णिलेल्या वस्तूकरणाचा बोलका नमुना आहे.

याच्या समांतर एक दुसरा प्रवाहही आहे. अमेरिकेतील अनेक गावांत हॅलोवीनच्या सुमारास स्थानिक बँड एका रात्रीपुरते दुसऱ्या प्रसिद्ध बँडचे रूप घेऊन त्याची गीते सादर करतात. मिसफिट्स हे अशा सोंगांसाठी आवडते पात्र आहे. येथे मूळ गायकाची हुबेहूब नक्कल अभिप्रेत नसते. चुकलेला सूर आणि घसरलेला विगही प्रयोगाचाच भाग ठरतो. लिखित स्वरूप दुय्यम असलेली संहिता पाठांतर, नक्कल आणि वार्षिक पुनरावृत्ती यांच्या बळावर टिकून राहते, ही प्रक्रिया मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला सहज ओळखू येईल.

८. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, पंक गीताचे वाचन केवळ शब्द किंवा ध्वनिमुद्रण यांवर थांबवता येत नाही. तेच गीत जून महिन्यात आणि ३१ ऑक्टोबरला भिन्न अर्थ धारण करते, म्हणून तिथी ही संहितेचीच एक बाजू मानावी लागते. दुसरी गोष्ट पद्धतीविषयीची आहे. मुखवटे आणि रात्र दिसताच शिमगा किंवा बोहाडा यांच्याशी नाते जोडण्याचा मोह भारतीय अभ्यासकाला होतो. परंतु बोहाड्यात मुखवटा धारण करणारा गावाच्या सामूहिक श्रद्धेच्या आधाराने उभा असतो. लोडायच्या तरुणांपाशी असा आधार नव्हता. त्यांच्यापाशी होते दूरचित्रवाणीवरचे जुने चित्रपट आणि आईच्या घरातले तळघर. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून त्यांनी बाजाराने व्यापलेल्या एका सणाला काही वर्षे पुन्हा धोकादायक करून पाहिले. साम्यांच्या यादीपेक्षा या अभावाची आणि त्यातून झालेल्या रचनेची नोंद घेणे, हे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.