विक्रेत्याने प्रथम आपली ओळख द्यावी

धान्याच्या पेठेत दलाल दुकानाची पायरी चढला म्हणजे आपण कोणाच्या वतीने आलो हे तो आधी सांगतो. माल कोणाचा आणि अडत कोणाची हे उघड झाल्यावाचून भावाची बोलणी सुरू होत नाहीत. बाजार समितीच्या आवारात अडत्या, तोलारी व हमाल यांस परवाना घ्यावा लागतो, त्याचेही मर्म हेच होय. मनुष्य कोण हे ठाऊक असले म्हणजे तंटा उद्भवल्यास दाद कोणाकडे मागावी हे कळते.

हा साधा दंडक जेथे वारंवार मोडला जातो असा एक धंदा म्हणजे ‘टाइमशेअर’. सहलीच्या ठिकाणी दरवर्षी ठरावीक काळ, बहुधा एक आठवडा, राहण्याचा हक्क अनेक वर्षांसाठी आगाऊ विकत घ्यावयाचा, अशी ही पद्धत 1960 च्या दशकात युरोपात सुरू झाली. मूळ कल्पनेत वावगे काही नाही. दोष आहे तो विक्रीच्या रीतीत. गोव्याच्या किनाऱ्यावर कोणी तरुण हाती कूपन देतो, “आपणांस बक्षीस लागले आहे, पतिपत्नींनी जोडीने येऊन ते न्यावे,” असे म्हणतो. परंतु आपण विक्रेता आहोत हे सांगत नाही. तेथे गेल्यावर तासन्‌तास मनधरणी चालते आणि त्याच बैठकीत करारावर सही घेतली जाते. दरसाल द्यावयाच्या देखभाल-आकाराचा उलगडा पुढे होतो.

युरोपीय संघाने याविषयी 1994 साली व अधिक कडकपणे 2009 साली निर्देश काढले. मेळाव्याच्या निमंत्रणातच त्याचा व्यापारी हेतू स्पष्ट लिहिला पाहिजे. टाइमशेअर हा गुंतवणूक म्हणून विकता येत नाही. ग्राहकास कारण न देता 14 दिवसांत करार सोडता येतो व त्या मुदतीत आगाऊ पैसा घेण्यास बंदी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात करार रद्द करण्यास 10 दिवसांची मुदत आहे.

आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. तथापि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये डिसेंबर 2021 मध्ये थेट विक्रीचे नियम जारी झाले. त्यांनुसार विक्रेत्याने ओळखपत्र व पूर्वसंमती यांवाचून ग्राहकाच्या दारी जाऊ नये, आणि बोलण्याच्या आरंभीच आपले नाव, संस्था, तिचा पत्ता, विकावयाची वस्तू वा सेवा आणि येण्याचा हेतू सांगावा. हे नियम थेट विक्रीपुरते असल्याने प्रत्येक टाइमशेअर विक्रेता त्यांत येईलच असे नव्हे. परंतु देण्याचा हेतू नसता बक्षिसाचे आमिष दाखविणे ही त्या मूळ कायद्यान्वये अनुचित व्यापारी प्रथाच ठरते.

नियम वाढले की धंदा आवळला जातो, अशी शंका आपल्यांतील काहींस येईल. परंतु ज्याचे माप पुरे, त्यास वजनमाप निरीक्षकाचे भय कशाचे? नाव सांगण्यात सचोटीच्या विक्रेत्याचे काहीच जात नाही. उलट लपविणाऱ्यामुळे त्याचीही पत जाते.

म्हणून सभासद बंधुभगिनींनी सहलीस जाताना तीन प्रश्न ध्यानी ठेवावेत: आपण कोण? कोणाच्या वतीने आलात? काय विकावयाचे आहे? सरळ उत्तर न मिळाल्यास पुढे चालू लागावे. भेटीच्या मोहाने सही करू नये. कराराची प्रत घरी आणून वाचावी. फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.