'अर्धसत्य'मागची माणसे
गाजलेल्या पोलिसपटाच्या श्रेयनामावलीत दडलेला मराठी साहित्य-रंगभूमीचा इतिहास

मुंबई : ठाकूरद्वारच्या नाक्यावरून थोडे चालत गेले की गिरगावातील दोन जुने पत्ते लागतात. एक खटाववाडीचा. 'मौज' आणि 'सत्यकथा' यांनी मराठी नवकथेला घर दिले ते याच वाडीत. दुसरा मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यगृहाचा. गुन्हेगारी, पोलिस, मारधाड अशा विषयांवरच्या हिंदी चित्रपटांचा या पत्त्यांशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. मात्र १९८३ साली प्रदर्शित झालेल्या 'अर्धसत्य'ची श्रेयनामावली सावकाश वाचली, तर हा संबंध किती जवळचा आहे ते ध्यानात येते.

सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर, गुंड रामा शेट्टी आणि त्यांच्यातील अखेरची झटापट प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. ओम पुरी यांचा संतापाने थरथरणारा चेहराही कुणी विसरलेले नाही. मात्र ही व्यक्तिरेखा मुळात कोणाच्या लेखणीतून उतरली, तिला बोलायला कोणी शिकवले, चित्रपटाचे शीर्षक कोठून आले, असे विचारले तर पटकन उत्तर येत नाही. गुन्हेपटांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. नायक आणि खलनायक लक्षात राहतात, कथाकार आणि संकलक विस्मरणात जातात. 'अर्धसत्य'च्या बाबतीत या विस्मरणात मराठी साहित्याचा एक महत्त्वाचा दुवाच निखळतो.

काळ आणि शहर

हा चित्रपट कोणत्या मुंबईत घडला हे आधी पाहायला हवे. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ पोलिसांच्या गोळीबारात मन्या सुर्वे ठार झाला. पुढे ज्याला 'एन्काउंटर' म्हटले जाऊ लागले त्या प्रकाराची सुरुवात अनेकजण या घटनेपासून मानतात. त्याच महिन्याच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळचे भोंगे थंडावले. ऑगस्टमध्ये तर खुद्द मुंबई पोलिस दलातच असंतोषाचा भडका उडाला आणि रस्त्यावर लष्कर आणावे लागले.

कायदा राखणारा आणि मोडणारा यांच्यातील सीमारेषा पुसट होत चाललेल्या या शहरात एका सबइन्स्पेक्टरची गोष्ट पडद्यावर आली. त्याआधी दहा वर्षे, १९७३ साली, 'जंजीर'मधील इन्स्पेक्टर विजयने लोकांना वेड लावले होते. विजयचा राग अखेरीस त्याला विजयी करतो. वेलणकरचा राग त्याला कोठडीतील एका आरोपीच्या मृत्यूपर्यंत नेतो. दोन चित्रपटांमधील हा फरक मुख्यतः त्यांच्या लेखकांचा आहे.

मूळ कथा : 'सूर्य'

'अर्धसत्य'चा उगम श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेत आहे. पानवलकर हे 'सत्यकथे'च्या परंपरेतील कथाकार. नोकरी कस्टम्स खात्यात. 'गजगा', 'औदुंबर', 'सूर्य' अशा संग्रहांतून त्यांनी मध्यमवर्गीय चौकटीबाहेरची, अंगमेहनतीच्या आणि रांगड्या जगातील माणसे मराठी कथेत आणली. सरकारी खात्यातील अधिकाराची उतरंड, गणवेशाचा ताठा आणि त्या गणवेशाआडचे माणूसपण जवळून पाहिलेल्या लेखकाने पोलिसावर कथा लिहावी, यात आश्चर्य नाही.

'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद पडले आणि पुढच्याच वर्षी 'अर्धसत्य' झळकला. त्या मासिकाच्या वाचकांपलीकडे फारसे न पोहोचलेले कथाकाराचे नाव देशभरच्या चित्रपटगृहांत दिसले. 'अर्धसत्य'ला मिळालेल्या फिल्मफेअर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथेचा पुरस्कार पानवलकरांचा होता.

पटकथा : विजय तेंडुलकर

कथेची पटकथा केली विजय तेंडुलकर यांनी. त्यांच्या बालपणाची वर्षे गिरगावातच गेली. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' या नाटकांनी साठ-सत्तरच्या दशकांत मराठी रंगभूमी ढवळून काढली होती. माणसातील हिंसा हा त्यांच्या चिंतनाचा कायमचा विषय. सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप मिळाली तेव्हा त्यांनी अभ्यासासाठी निवडला तो समाजातील वाढत्या हिंसाचाराचाच विषय.

ते चिंतन 'अर्धसत्य'च्या बांधणीत दिसते. वेलणकरला पुढे शिकायचे असते. वडिलांच्या हट्टापायी तो पोलिसात येतो. आईवर हात उगारणारा बाप त्याने लहानपणी पाहिलेला असतो आणि तेव्हा आपण काहीच करू शकलो नाही, ही बोच त्याच्या मनात घर करून असते. घरातील हिंसा, खात्यातील हिंसा आणि रस्त्यावरील हिंसा एकाच धाग्यात ओवली जाते. वेलणकर स्त्रियांची छेड काढणाऱ्या गुंडांना बदडतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. तोच हात कोठडीतील किरकोळ चोरावर पडतो तेव्हा प्रेक्षक अस्वस्थ होतो. नायकाची पकड न सोडता नायकाबद्दल शंका निर्माण करणे, ही तेंडुलकरांच्या नाटकांची जुनी रीत होती.

कॅमेऱ्यामागून दिग्दर्शनाकडे

दिग्दर्शक गोविंद निहलानी यांचा जन्म कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब उदयपूरला आले. बंगळूरच्या पॉलिटेक्निकमध्ये छायालेखनाचे शिक्षण घेऊन त्यांनी ख्यातनाम छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली उमेदवारी केली. तेंडुलकरांशी त्यांचे सूर जुळले ते 'अर्धसत्य'च्या बरेच आधी. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर मराठी चित्रपट केला, त्याचे छायालेखन निहलानींचे होते. पुढे श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'पासूनच्या चित्रपटांचे छायालेखक म्हणून त्यांचे नाव झाले. १९८० साली 'आक्रोश'द्वारे त्यांनी दिग्दर्शनात पाऊल टाकले तेव्हा पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच होती. 'आक्रोश'ला भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला.

'अर्धसत्य'चा कॅमेराही निहलानींनी स्वतः सांभाळला. गुन्हेपटाच्या जगात अशी उदाहरणे अन्यत्रही आहेत. हाँगकाँगमध्ये २००२ साली आलेला 'इन्फर्नल अफेअर्स' हा कँटोनीज चित्रपट जगभर गाजला. पोलिसात शिरलेला गुंडांचा हस्तक आणि गुंडांत शिरलेला पोलिस यांची ही गोष्ट मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २००६ साली 'द डिपार्टेड' नावाने अमेरिकेत नेली. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी अँड्र्यू लाऊ हे मुळात छायालेखकच. १९८७ सालच्या 'सिटी ऑन फायर' या हाँगकाँगच्याच गुन्हेपटाचे छायालेखन त्यांनी केले होते. तिथेही अँडी लाऊ आणि टोनी लेउंग ही नट मंडळी सर्वांना ठाऊक असतात, पटकथा लिहिणारे अॅलन माक आणि फेलिक्स चाँग मात्र जाणकारांपुरतेच उरतात. माक हे तर त्या चित्रपटाचे सहदिग्दर्शकही होते.

पडद्यावरचे चेहरे

'अर्धसत्य'चे प्रमुख कलावंत एकमेकांना नवे नव्हते. ओम पुरी, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह आणि अमरीश पुरी हे चौघेही 'आक्रोश'मध्ये एकत्र होते. तिथे जवळजवळ अबोल आदिवासी साकारणारे ओम पुरी इथे गणवेशात उभे राहिले.

मूळचे अंबाल्याचे, राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले ओम पुरी पडद्यावर प्रथम आले ते 'घाशीराम कोतवाल' या १९७६ सालच्या मराठी चित्रपटातून. मुंबईत त्यांनी 'मजमा' या आपल्या संस्थेतर्फे गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चा हिंदी प्रयोग केला होता. मराठी नाटककारांच्या शब्दांशी त्यांचा परिचय असा जुना होता.

प्राध्यापिका ज्योत्स्ना गोखलेच्या भूमिकेत स्मिता पाटील होत्या. मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांमुळे मराठी घरांना त्यांचा चेहरा आधीपासून परिचित होता. वेलणकरवर प्रेम करणारी आणि त्याच्या हिंसेपासून वेळीच बाजूला होणारी ज्योत्स्ना हा या चित्रपटातील शहाणपणाचा आवाज आहे. मुलाला पोलिसात ढकलणारा बाप अमरीश पुरींनी केला, तर सहकारी इन्स्पेक्टर हैदर अलीची समंजस भूमिका शफी इनामदार यांनी. निलंबित, व्यसनात बुडालेला माइक लोबो ही नसीरुद्दीन शाह यांची भूमिका लांबीने छोटी. वेलणकरला मात्र त्या लोबोमध्ये स्वतःचे भविष्य दिसत राहते.

रामा शेट्टीचा शोध

खलनायकाच्या भूमिकेसाठी निहलानींना नवा चेहरा हवा होता. तो त्यांना मराठी रंगभूमीवर सापडला. 'हँड्स अप' या व्यावसायिक नाटकात अविनाश मसूरेकर आणि भक्ती बर्वे यांच्याबरोबर काम करणारे सदाशिव अमरापूरकर त्यांच्या नजरेत भरले. अहमदनगरचे अमरापूरकर त्याआधी '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटात लोकमान्य टिळकांच्या भूमिकेत दिसले होते. टिळकांपासून थेट रामा शेट्टीपर्यंतची ही झेप होती.

हिंदी चित्रपटातील खलनायक तोवर आलिशान अड्ड्यात बसत, ठेवणीतले संवाद फेकत. अमरापूरकरांचा शेट्टी साध्या वेशात बसतो, हळू आवाजात बोलतो आणि एका टेलिफोनवर पोलिसांना परत पाठवतो. पुढे तो महापालिकेच्या निवडणुकीलाही उभा राहतो. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळवून दिला आणि हिंदीची दारे उघडली.

संवाद, कविता आणि कात्री

चित्रपटाचे हिंदी संवाद वसंत देव यांचे. तेंडुलकरांची नाटके हिंदीत नेणाऱ्या देवांना मराठी माणूस हिंदी कसा बोलतो याची नेमकी जाण होती. वेलणकरची हिंदी पुस्तकी वाटत नाही आणि विनोदीही होत नाही, याचे श्रेय त्यांचे. पुढे 'सारांश'च्या गीतांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शीर्षक दिले कवी दिलीप चित्रे यांच्या कवितेने. ज्योत्स्नाच्या पुस्तकातील ही कविता वेलणकर वाचू लागतो आणि वाचता वाचता त्याचा चेहरा गंभीर होत जातो. चक्रव्यूहात शिरणाऱ्याच्या मनातील हे शब्द चित्रपटाचा गाभा ठरतात. पोलिसपटाच्या मध्यावर एक संपूर्ण कविता ठेवण्याचे धाडस त्यापूर्वी क्वचितच कोणी केले असेल.

संगीत अजित वर्मन यांचे, तर संकलन रेणू सलुजा यांचे. त्याच १९८३ साली आलेल्या 'जाने भी दो यारो'चे संकलनही सलुजा यांनीच केले. एक काळाकुट्ट पोलिसपट, दुसरा भ्रष्टाचारावरचा धमाल प्रहसनपट. दोन्हींची लय एकाच स्त्रीच्या हातांनी सांभाळली. पुढे 'परिंदा'च्या संकलनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. २००० साली त्यांचे निधन झाले.

निर्माते होते मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर. शेट्टी हे 'अॅडलॅब्ज' या फिल्म प्रक्रिया प्रयोगशाळेचे संस्थापक. उप्पूर पुढे बी. पी. सिंग यांच्या साथीने 'सीआयडी' मालिकेचे निर्माते झाले. ही मालिका १९९८ पासून सलग वीस वर्षे चालली. पडद्यावरील मुंबई पोलिसांची दोन टोकाची चित्रे अशी एकाच निर्मात्याच्या नावाशी जोडली गेली आहेत.

श्रेय कोणाचे?

'अर्धसत्य'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि ओम पुरींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवातही त्यांच्या अभिनयाची दखल घेतली गेली. फिल्मफेअरचे पाच पुरस्कार चित्रपटाच्या वाट्याला आले : चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहायक अभिनेता. या पाचांपैकी तीन मराठी साहित्य-रंगभूमीतून आलेल्या माणसांनी पटकावले, ही बाब तेव्हाही फारशी चर्चिली गेली नाही.

'जंजीर'च्या वेळी सलीम-जावेद यांनी पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. लेखकाने श्रेय मागून घ्यावे लागते, हा त्याचा अर्थ. पानवलकर आणि चित्रे यांच्यासारख्यांनी ते मागितले नाही. श्रेयनामावलीच्या काही सेकंदांत जेवढे मिळाले, तेवढ्यावर त्यांची नावे राहिली.

या मंडळींपैकी बहुतेकजण आज हयात नाहीत. स्मिता पाटील १९८६ मध्ये, तेंडुलकर २००८ मध्ये, चित्रे त्यापुढच्या वर्षी गेले. अमरापूरकरांचे २०१४ साली निधन झाले. ओम पुरी ६ जानेवारी २०१७ रोजी गेले. तो तेंडुलकरांचा जन्मदिवस. आता त्यांची साक्ष देणारी एकच जागा उरली आहे आणि ती म्हणजे चित्रपटाची श्रेयनामावली. दूरचित्रवाणीवर ती अनेकदा कापली जाते, संगणकावर पाहणारा ती पुढे ढकलतो.

'अर्धसत्य' पुन्हा पाहण्याचा योग आला, तर पहिली दोन-तीन मिनिटे पुढे ढकलू नयेत. एक मराठी कथा, एक मराठी कविता आणि मराठी रंगभूमीवरची काही माणसे एकत्र येऊन हिंदीतील सर्वांत अस्वस्थ करणारा पोलिस कसा उभा राहिला, हे त्या नावांमध्येच लिहिलेले आहे.