ढोकीची छोटी गाडी

खेळण्यांतील आगगाडी बहुधा विलायतेंतील एखाद्या गाडीची नक्कल असते. घरच्या मुलांनीं प्रतिकृति करावयाचीच, तर ती ढोकीच्या गाडीची कां करूं नये?

बार्शी लाइट रेल्वे ढोकीवरून लातूरपर्यंत १९११ सालीं पोंचली. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडतां कामा नये, हा त्याचा आग्रह. म्हणूनच हलके, स्वस्त रूळ पुरले.

पुढें वाफेच्या जागीं डिझेल आलें. चित्तरंजन येथें घडलेल्या ७०० अश्वशक्तीच्या 'झेडडीएम-४ए' एंजिनास चार चालक आंसांखेरीज दोन्ही टोकांस एकेक मोकळा आंस आहे. तो केवळ भार वांटून घेण्यासाठीं. कॅलथ्रॉपचाच हिशेब, पाऊण शतकानंतर! प्रतिकृतींत हीं लहान चाकें वळणावर अडतात व तीं गाळण्याचा मोह होतो. पण मग या एंजिनाचें वैशिष्ट्य तें काय उरलें?

१ : ८७ या प्रमाणांत ७६२ मिलिमीटरांचे पावणेनऊ होतात, बाजारांतील ९ मिलिमीटरांचे रूळ सहज चालतात. अडचण आहे ती निराळीच. २००८ सालीं कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंद होऊन पुरा झाला. ढोकीस मापें घ्यावयास आतां जुना रूळ नाहीं. डबे किती असत, रंग कोणता, शिटी कशी वाजे, हें घरांतील वडीलधाऱ्यांनाच विचारावें, आणि तेंहि या सुटींतच.