क्रूझ कंट्रोलचा चुंबक : भीती आणि वस्तुस्थिती

समृद्धी महामार्गावर गाड्या धावू लागल्या तशी क्रूझ कंट्रोलची चर्चा घरोघरी पोचली, आणि तिच्याबरोबर एक समजही. ‘क्रूझ लावला आणि तो अडकला की संपलं, गाडी पळतच राहते, ब्रेकलाही जुमानत नाही.’ केबलवर चालणाऱ्या जुन्या गाड्या आणि बाहेरून बसवलेले संच यांच्याबाबत तर हे छातीठोकपणे सांगितलं जातं, कारण त्यांतल्या अनेकांत अॅक्सिलरेटरची तार धरून ठेवायला विद्युतचुंबक असतो. चुंबक म्हटला की चिकटणं आलं. मग तो ऐन वेळी सुटेल कशावरून, असा हा तर्क. ऐकायला तो पटतो आणि म्हणूनच वर्षानुवर्षं टिकून आहे. पण ज्या भागाची भीती घातली जाते, तोच या यंत्रणेतला सगळ्यात भरवशाचा भाग आहे.

केबलच्या गाडीत पेडलपासून एक तार थ्रॉटलपर्यंत जाते. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. तिच्यावर एक दणकट स्प्रिंग असते आणि पाय उचलताच ती झडप मिटवते. क्रूझच्या संचाची तारही याच झडपेच्या लिव्हरला जोडलेली असते. संचाच्या डबीत एक छोटी मोटर असते, तार गुंडाळणारं एक चाक असतं आणि या दोघांच्या मध्ये विद्युतचुंबकी क्लच. कॉइलमधून प्रवाह वाहतो तोवर क्लचचे दोन भाग एकमेकांना धरून असतात आणि मोटर तार ओढू शकते. प्रवाह तुटला की ते सुटतात, चाक मोकळं होतं आणि स्प्रिंग आपलं काम करते; मोटर कुठे थांबली आहे, याने फरक पडत नाही. आता हा प्रवाह येतो कुठून, ते पाहा. तो ब्रेक पेडलच्या स्विचमधून येतो. पेडल जरासं खाली गेलं, ब्रेकचे पॅड डिस्कला नीट टेकलेही नाहीत, तेवढ्यात स्विच उघडतो आणि कॉइल मृत होते. फ्यूज उडाला, वायर तुटली, कनेक्टर सैल झाला, तरी हेच घडतं. मोटरऐवजी निर्वात पोकळीच्या जोरावर तार ओढणारे संचही पुष्कळ होते. त्यांत ब्रेक दाबताच एक झडप उघडून हवा आत शिरते आणि ओढ संपते.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले राल्फ टीटर वयाच्या पाचव्या वर्षी दृष्टी गमावून बसले होते. पुढे ते अभियंता झाले. ठरावीक वेगाला पेडलवर उलटा दाब देणाऱ्या त्यांच्या यंत्राला १९५० साली पेटंट मिळालं. वेग कायम धरून ठेवण्याची सोय त्यांनी नंतर जोडली, पण ब्रेकला पाय लागताच ती सुटेल अशीच. १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत हे यंत्र आलं. म्हणजे धरण्याची सोय आली तेव्हाच सोडण्याचीही आली.

यावर थोडं भौतिकशास्त्र शिकलेला माणूस विचारतो, प्रवाह बंद केला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतंच ना? उरतं. म्हणूनच गाभ्यासाठी असं मृदू लोखंड घेतात ज्यात ते अगदी थोडं उरतं, आणि उरलेल्या ओढीवर सहज मात करणारी स्प्रिंग बसवतात. शाळेतल्या विजेच्या घंटेचा टोला प्रवाह तुटताच प्रत्येक वेळी मागे येतो. तो कधी चिकटून बसलेला पाहिला आहे का? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ब्रेकचा स्विचच बिघडला तर? त्यासाठी बहुतेक कंपन्यांनी पेडलवर सुटका करणारा दुसरा मार्ग ठेवला, हाताशी बंद करण्याचं बटण दिलं आणि वेग ठरवलेल्यापेक्षा फार खाली गेला तर यंत्रणा आपोआप सुटेल अशी तजवीज केली. १९८०च्या दशकात अमेरिकेत गाड्या ‘आपोआप सुसाट सुटल्याच्या’ तक्रारींचा गदारोळ झाला तेव्हा क्रूझ कंट्रोल संशयितांत होताच. तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, १९८९ च्या अहवालात तो कसून तपासला. क्रूझमुळे असं घडायचं तर दोन किंवा अधिक स्वतंत्र बिघाड एकाच क्षणी व्हावे लागतील, असं त्यांना आढळलं. बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला होता.

याचा अर्थ या यंत्रणेने कधीच दगा दिला नाही, असा नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये फोर्डने एस्केप मॉडेलच्या ४ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. त्यांत क्रूझच्या केबलचा जोड इंजिनाच्या आवरणात अडकून थ्रॉटल उघडा राहू शकत होता. पण दोष होता तो जागेचा. क्रूझ चालू असो वा नसो, पेडल जवळजवळ पूर्ण दाबलं तर तो जोड अडकायचा. चुंबकाचा त्यात संबंध नव्हता. याच कंपनीच्या लाखो गाड्यांत ब्रेकच्या नळीवरचा क्रूझचा स्विच गळून, इंजिन बंद असतानाही आग लागण्याचा धोका निघाला होता. भ्यायचंच तर निकृष्ट जोडणीला भ्या. गॅरेजमध्ये संच बसवून घेताना कारागिराला एवढंच विचारा: क्लचचा प्रवाह ब्रेकच्या स्विचमधून घेतला आहे का, आणि केबल कुठे घासते का?

बाकीचे समज थोडक्यात. साधा क्रूझ पुढची गाडी पाहत नाही. ते काम रडार किंवा कॅमेरा असलेल्या वेगळ्या यंत्रणेचं. घाटाच्या उतारावर साधा क्रूझ सहसा ब्रेक लावत नाही, त्यामुळे कसाऱ्याला वेग वाढला तर दोष यंत्राचा नव्हे. इंधन वाचतं ते सपाट रस्त्यावर; चढावर वेग राखायला तो थ्रॉटल उघडतच जातो. पावसात क्रूझमुळे गाडी हवेत उडते ही कथा खोटी आहे, पण निसरड्या रस्त्यावर तो लावू नये हा सल्ला खरा.

आणि कुठल्याही कारणाने अॅक्सिलरेटर खरंच अडकला तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरा. चांगल्या स्थितीतले ब्रेक इंजिनापेक्षा बलवान असतात. मात्र पुन्हापुन्हा दाबू-सोडू नका. थ्रॉटल उघडा असताना पेट्रोल इंजिनात निर्वात पोकळी तयार होत नाही आणि तिच्यावर चालणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो. गिअर न्यूट्रलला टाका, कडेला थांबा आणि मगच इंजिन बंद करा. धावत्या गाडीत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.