ताऱ्याची नोकरी गेली

नोडवरच्या एक्सप्रेस या वेब-फ्रेमवर्कची पाचवी आवृत्ती २०२४ मध्ये आली आणि चौथीत दहा वर्षं बिनतक्रार राबलेला तारा कामावरून गेला. राउटच्या, म्हणजे पत्ता जुळवण्याच्या नियमाच्या, शेवटी नुसता * टाकला, की 'यापुढे काहीही असो, इकडेच पाठव' हे सर्व्हरला कळायचं. आता ताऱ्याला नाव द्या, नाहीतर सर्व्हर सुरूच होत नाही. राउट लिहिण्याचे नियमच बदलले, आणि त्यामागचं कारण खरं आहे. दोन स्लॅशच्या मध्ये हायफनने जोडलेली दोन पॅरामीटर असली, की त्यातून बनणारा रेजेक्स, म्हणजे मजकूर जुळवण्याचा साचा, मुद्दाम रचलेल्या लांबलचक पत्त्यावर चाचपडत बसायचा आणि नोडचा एकुलता एक थ्रेड तिथेच अडकायचा. मान्य. तरी जुन्या राउट सुधारताना तोंडात शिव्या येतातच.

राउटचा इतिहास पहिल्यापासून बघायचा, तर वेबच्या सुरुवातीच्या सीजीआयच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पत्ता म्हणजे डिस्कवरची फाइल, आणि बदलतं जे काही असेल ते प्रश्नचिन्हाच्या मागे. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये मॉड-रीराइट लिहिलं आणि अपाचीत पत्ता फाइलपासून सुटा झाला. त्याचे नियम सगळे एकमेकांचे उतरवून घ्यायचे. कुणाला किती कळले होते, ते विचारू नका.

माझं लाडकं दशक २००५ नंतरचं. त्या वर्षीच्या जुलैत जँगो हे पायथनमधलं फ्रेमवर्क सर्वांसाठी खुलं झालं. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते घडलेलं, त्यामुळे वर्ष, महिना, मथळा असा बातमीचा पत्ता त्यात अगदी सहज बसायचा. राउटची एक फाइल, वरून खाली वाचायची, जो नियम आधी जुळेल तो जिंकला. 'लेख/नवीन' चुकून 'लेख/काहीही'च्या खाली गेला, की नवीन लेखाचं पान कुणाला दिसायचं नाही, आणि का दिसत नाही हे त्याच फाइलीत दोन मिनिटांत सापडायचं. नवा मुलगा रुजू झाला की त्याच्या हातात तीच फाइल द्यायची. संध्याकाळपर्यंत त्याला अख्खी साइट कळलेली असे. २०१९ मध्ये नेक्स्ट या फ्रेमवर्कच्या नवव्या आवृत्तीने चौकटी कंसातली फाइलनावं आणली आणि पत्ते फोल्डरांत विखुरले. कुठला पत्ता कुठे जातो, हे बघायला आता सगळं झाड हलवावं लागतं.

पण त्या लाडक्या दशकाने मराठीला चोख फसवलं, हेही लिहून ठेवतो. मथळ्याच्या जागी सगळे डोळे मिटून बॅकस्लॅश-डब्ल्यू लिहायचे, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर'. पायथनच्या रेजेक्सला काना, मात्रा, वेलांटी, उकार हे अक्षर वाटतच नाहीत. 'पुणे' दिलं की तो 'प' घेतो आणि पहिल्याच उकारापाशी थांबतो, पुढे ४०४. एका बैठकीत हे मांडल्यावर सल्लागार म्हणाले, "रोमनमध्ये टाका, सर्चमध्ये वर येतं." रोमनमध्ये टाकलं. वर काही आलं नाही.

२०१७ च्या अखेरीस जँगो २.० मध्ये रेजेक्सऐवजी साधं, वाचता येणारं लिखाण आलं, तेव्हा वाटलं सुटलो. पण त्यातला 'स्लग', म्हणजे पत्त्यातल्या मथळ्याचा, प्रकार फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर घेतो! वर्डप्रेस देवनागरी घेतं खरं, पण स्लगला २०० चिन्हांची मर्यादा. देवनागरीची एकेक खूण तीन बाइटची, पत्त्यातल्या टक्केवाल्या (%) रूपात नऊ चिन्हांची, म्हणजे बाविसाव्या खुणेनंतर कात्री. काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे चार-पाच शब्दांतच मथळा संपतो, मग शेवटच्या शब्दाचं काहीही होवो.

हल्ली मी पत्त्यात आधी क्रमांक टाकतो आणि मागून मथळा. सर्व्हर फक्त क्रमांक बघतो. मथळ्याच्या जागी कुणी शेंगदाणे लिहिले तरी बातमी उघडते. व्हॉट्सॲपवर पाठवताना मात्र त्या मथळ्याची टक्क्यांची लांबच लांब माळ होते, आणि वाचक विचारतात, "साहेब, ही लिंक व्हायरसची तर नाही ना?"