धूलिकणांची जन्मकथा



या स्मृतिव्याख्यानासाठी मी मुद्दामच एक क्षुद्र वस्तू निवडली आहे. ती म्हणजे धूळ. अर्थात ही आपल्या अंगणातील धूळ नव्हे. ग्रहांमधील अवकाशात विखुरलेली आणि पृथ्वीवर सतत उतरणारी धूळ. तिच्यातील खनिजांवरून तिचे मूळ ओळखता येईल काय, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

मोठी उल्का वातावरणात पेट घेते. परंतु मिलिमीटरच्या शतांशाएवढा कण उंचावरील विरळ हवेतच मंदावतो आणि बहुधा न वितळता खाली येतो. 1970 च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड ब्राउनली यांनी यू-2 विमानांच्या साहाय्याने असे कण टिपले. सुमारे 20 किलोमीटर उंचीवर, सिलिकोन तेल लावलेल्या पट्ट्यांवर ते चिकटत. त्यांच्याबरोबर ज्वालामुखीची राख आणि अग्निबाणांच्या धुरातील ॲल्युमिनियम ऑक्साइडचे गोलकही येत. मग खरा पाहुणा ओळखावा कसा? त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण आदिम अशनींशी जुळते, आणि सौरवाताने त्यात रुजविलेला हेलियम सापडतो.

या कणांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यातील कण सच्छिद्र, द्राक्षांच्या घडासारखे असतात. त्यांत ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, लोह व गंधक यांची संयुगे, धातूचे सूक्ष्म कण सामावणारी काच आणि भरपूर कार्बन असतो. ऑलिव्हिन पाण्याच्या दीर्घ सहवासात पालटते. ते शाबूत आहे, त्या अर्थी हा कण फारसा भिजलेला नाही. तो बहुधा धूमकेतूच्या हिमातून सुटला असावा. दुसऱ्या वर्गातील कण घट्ट असून त्यांत चिकणमातीच्या जातीची जलयुक्त खनिजे असतात. ती पाण्याच्या सान्निध्यात घडतात. म्हणून त्यांचे माहेर लघुग्रह मानले जाते.

ही वाटणी सुबक आहे, पण पुरेशी नाही. ‘स्टारडस्ट’ यानाने 2004 साली ‘विल्ट-2’ या धूमकेतूजवळ गोळा केलेली धूळ 2006 साली पृथ्वीवर पोहोचली. तीत प्रखर उष्णतेतच घडणारी, कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध खनिजे आढळली. सूर्यानजीक जन्मलेले द्रव्य सूर्यकुलाच्या गोठलेल्या सीमेपर्यंत वाहत गेले होते, असाच याचा अर्थ. काही धूलिकणांत तर सूर्याहूनही जुने सिलिकेटचे सूक्ष्मकण सापडले आहेत. त्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण सूर्यकुलातील प्रमाणाशी जुळत नाही.

मित्रहो, खनिज आपण कोणत्या परिस्थितीत घडलो याची साक्ष देते. पुढे कोठे वास्तव्य केले याची नव्हे. हे दोन प्रश्न निराळे ठेवावेत आणि साक्षीदार जेवढे सांगतो तेवढेच मानावे, ही शिस्त मला या धुळीच्या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते.